कोल्हापुरात घर बदलताना सामान ठेवायला गोदाम आणि हलवायला माणसे कशी निवडावीत?

शिवाजीपेठकर

नमस्कार. शिवाजी पेठेतले आमचे जुने घर भावकीत वाटणी होऊन विकले गेले आहे आणि जून लागण्यापूर्वी ते रिकामे करून द्यायचे ठरले आहे. कळंब्याजवळ घेतलेल्या सदनिकेचा ताबा दिवाळीच्या सुमारास मिळेल असे बांधकाम व्यावसायिक सांगतात. तोपर्यंत मी, यजमान आणि सासूबाई साने गुरुजी वसाहतीत दोन खोल्या भाड्याने घेऊन राहणार आहोत. रोजच्या वापरातल्या वस्तू तेथे मावतील. परंतु दोन सागवानी कपाटे, शिसवी पलंग, माजघरातला झोपाळा, सासऱ्यांचा पुस्तकसंग्रह, तांब्यापितळेची भांडी, शिलाई मशीन आणि जादाचा फ्रीज एवढे सगळे पावसाळाभर कोठे ठेवावे, हा प्रश्न आहे.

पुण्याला माझ्या भाचीने महिन्याच्या भाड्यावर एक छोटी बंद खोली घेतली होती, तिची किल्लीही तिच्याकडेच असे. याला सेल्फ स्टोरेज म्हणतात असे ती सांगते. कोल्हापुरात चौकशी केल्यावर बहुतेक ठिकाणी पॅकर्स-मूव्हर्सवाल्यांचेच गोदाम पुढे केले जाते, नाहीतर एखादा रिकामा गाळा दाखवला जातो. यांपैकी काय निवडावे, माणसे कशी पारखावीत आणि लिहून काय घ्यावे, याबद्दल ज्यांनी स्वतः हे केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

तिकटीवरचा

ताई, एवढ्या सामानासाठी गोदामाचे भाडे कशाला भरता? जवळच्या टेम्पो थांब्यावरून छोटा हत्ती ठरवा, ओळखीचे हमाल घ्या आणि गावाकडे कोणाची रिकामी खोली असेल तर सामान तेथे नेऊन ठेवा. कोल्हापुरात निम्म्या घरांचे गाव तासाभराच्या अंतरावर असते. आमचे सामान करवीर तालुक्यातल्या आमच्या मामांकडे एक पावसाळाभर राहिले होते आणि चहा-साखरेशिवाय काही खर्च झाला नाही.

शाहूपुरीची रहिवासी

वरील सल्ला स्वस्त आहे यात शंका नाही, पण मामांचे गाव नदीकाठी आहे की माळावर, हे विचारल्याशिवाय तो घेऊ नये. ताई, आपण ज्या महिन्यांसाठी सामान ठेवणार आहात तेच महिने कोल्हापुरात सर्वांत अवघड असतात; त्यामुळे भाडे, कुलूप आणि विमा या गोष्टींच्या आधी पाण्याचा विचार करावा, असे मला वाटते.

कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, हे आपल्याकडे शाळेतल्या मुलांनाही पाठ असते. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षी नदीने धोका पातळी कितीतरी मागे टाकली. शाहूपुरीची कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर, नागाळा पार्क, दुधाळी, शुक्रवार पेठेचा नदीकडचा भाग येथे घरांत आणि दुकानांत पाणी होते. तळमजल्यावरचे गाळे वर्षभर कोरडे ठणठणीत दिसतात आणि भाड्यालाही स्वस्त असतात. मात्र राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की त्यांच्या मालकांची झोप उडते. स्वस्त गाळा दिसला की आधी तो स्वस्त का आहे, हे विचारावे.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे गोदाम नदीच्या कोणत्या बाजूला आहे. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत आणि आसपास मोठी, चांगल्या बांधणीची गोदामे आहेत, पण शिरोली पंचगंगेच्या पलीकडे आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये शिरोलीजवळ महामार्गावरच पाणी आले आणि वाहतूक कित्येक दिवस ठप्प झाली. गोदाम स्वतः कोरडे राहिले तरी आपण इकडे आणि सामान तिकडे, अशी अवस्था होते. आपले भाड्याचे घर आणि नवी सदनिका दोन्ही शहराच्या दक्षिण अंगाला आहेत. त्यामुळे उचगाव, सरनोबतवाडी, उजळाईवाडी, गोकुळ शिरगाव या पट्ट्यातच आधी शोधावे. जो पॅकर्सवाला शहरात कार्यालय दाखवतो आणि गोदाम कोठे आहे ते मोघम सांगतो, त्याच्याबरोबर गोदामापर्यंत प्रत्यक्ष जाऊन यावे.

गोदामाच्या जागेची खात्री करण्यासाठी दोन मार्ग आहेत. जलसंपदा विभागाने आखलेल्या पूररेषा नकाशावर पाहता येतात. निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा दाखवते. दुसरा मार्ग अधिक सोपा आहे. शेजारच्या चहावाल्याला किंवा किराणा दुकानदाराला "२०१९ ला इथं पाणी कुठवर होतं?" एवढेच विचारावे. तो हात करून भिंतीवरची जागा दाखवतो, आणि तो हात गोदाममालकाच्या शब्दापेक्षा भरवशाचा असतो.

पूर नसला तरी झड असतेच. सिमेंटच्या पत्र्याचे छप्पर असेल तर जोराच्या पावसानंतर एकदा आत जाऊन पाहावे आणि जमिनीवर, भिंतीच्या कडेला ओल आहे का ते तपासावे. गोदामाचे जोते रस्त्यापेक्षा निदान दोन-तीन फूट उंच असावे आणि सामान थेट फरशीवर न ठेवता लाकडी फळ्यांच्या पॅलेटवर ठेवले जाईल, असे कबूल करून घ्यावे.

बिल्टीवाले काका

मी ट्रान्सपोर्टच्या कचेरीत कारकून म्हणून नोकरी केली असल्याने कागदपत्रांपुरते लिहितो. पाण्याबद्दल वरच्या ताईंनी लिहिले आहे त्याला माझा पूर्ण दुजोरा आहे.

घर हलवणाऱ्यांत तीन प्रकारची माणसे भेटतात. पहिला प्रकार टेम्पोमालकाचा. तो गाडी देतो, हमाल कधी त्याचे तर कधी आपले. दुसरा प्रकार स्थानिक पॅकर्स-मूव्हर्सचा, ज्याची स्वतःची माणसे, खोकी आणि बहुतेक वेळा गोदामही असते. तिसरा प्रकार केवळ फोनवरचा. इंटरनेटवर मोठ्या कंपनीशी मिळतेजुळते नाव लावून हा दर सांगतो, आगाऊ रक्कम घेतो आणि प्रत्यक्षात काम दुसऱ्याच कोणाला तरी देतो. या तिसऱ्यापासून सांभाळावे. त्याला ओळखण्यासाठी जीएसटी क्रमांक मागावा. हा क्रमांक १५ अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रात नोंदणी असेल तर त्याची सुरुवात २७ ने होते. तो जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की नोंदणी कोणाच्या नावावर आहे, पत्ता काय आहे आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे कोणालाही फुकट पाहता येते. व्हिजिटिंग कार्डावरचे नाव आणि तेथले नाव जुळत नसेल तर पुढे बोलू नये.

दर विचारताना तो कर धरून आहे की कर सोडून, हे आधीच स्पष्ट करून घ्यावे, कारण पॅकिंगसह घर हलवण्याच्या सेवेवर १८ टक्के जीएसटी लागतो आणि तो शेवटच्या दिवशी पुढे येतो. हमालीचेही तसेच आहे. आमच्या धंद्यात "ज्याचा माल त्याचा हमाल" हा जुना वाद आहे. गाडीवाला म्हणतो भरणे-उतरणे माझ्याकडे नाही, आणि आपण म्हणतो भाड्यात सगळे आले. वाराई (भरण्या-उतरवण्याची मजुरी) कोणाची, मजले किती, लिफ्ट चालू आहे का, गाडी दारापर्यंत येते का, हे सर्व दराच्या कागदावर हवे. शिवाजी पेठेतल्या बोळात १४ फुटी आयशर शिरणार नाही. तेथून छोट्या टेम्पोने सामान बाहेरच्या रस्त्यावर आणून मोठ्या गाडीत भरावे लागेल, म्हणजे दुहेरी हमाली. आपल्या सामानाच्या यादीवरून मला वाटते की मोठ्या गाडीच्या नादी न लागता बोलेरो पिकअपच्या दोन खेपा केलेल्या बऱ्या.

आता बिल्टीविषयी. मालवाहतूकदारांसाठी २००७ चा रस्त्यावरील मालवाहतुकीचा कायदा आणि २०११ चे नियम आहेत. सामान ताब्यात घेताना वाहतूकदाराने माल पावती, म्हणजे आपली बिल्टी, द्यायला हवी. तिच्यावर सामानाची यादी आणि किंमत लिहिलेली असावी. ही किंमत लिहायला लोक कंटाळतात आणि तेथेच घात होतो. जास्त जोखमीचा दर भरून अधिक किंमत जाहीर केलेली नसेल, तर सामान हरवल्यास किंवा मोडल्यास वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपुरती मर्यादित राहते. शहरातल्या शहरात हलवायचे भाडे ६,००० रुपये असेल तर ती मर्यादा ६०,००० झाली. आजच्या सागवानाच्या भावात दोन जुन्या कपाटांनाच तेवढे पुरणार नाही.

आणखी एक बाब अशी आहे की जी मी धंद्यातल्या माणसांनाही विसरताना पाहिली आहे. नुकसानीबद्दल वाहतूकदारावर दावा करायचा असेल तर लेखी नोटीस माल बुक केल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत द्यावी लागते. ताई, आपण मे महिन्यात सामान द्याल आणि बांधकाम व्यावसायिकांची दिवाळी म्हणजे माघ महिना धरून चालावे. तोपर्यंत १८० दिवस गोदामातच सरतील आणि खोकी उघडाल तेव्हा मुदत संपलेली असेल. म्हणून घरातून गोदामापर्यंतची बिल्टी वेगळी, गोदामात ठेवल्याची पावती वेगळी आणि गोदामातून कळंब्यापर्यंतची बिल्टी नव्याने, असे तीन कागद घ्यावेत. गोदामात सामान उतरताना यादीवर दोन्ही बाजूंच्या सह्या व्हाव्यात आणि मोडतोड दिसली तर ती तेथेच लिहावी. "एकाच पॅकेजमध्ये सगळे आले" असे म्हणून एकच कागद देणारा माणूस आपली सोय पाहतो.

शिवाजीपेठकर

काका, १८० दिवसांची गोष्ट आम्हाला कोणीच सांगितली नव्हती, आभारी आहे. शाहूपुरीच्या ताईंचे म्हणणे ऐकून यादीतली दोन नावे मी आजच खोडली. आता एक शंका आहे. उचगावच्या बाजूला एक पॅकर्सवाले त्यांच्या मोठ्या गोदामात जागा देतात आणि कुलूप त्यांचे राहील असे म्हणतात. त्याच भागात एक गृहस्थ पहिल्या मजल्यावरची छोटी खोली देतात, तिला आम्ही आमचे कुलूप लावू शकतो. यजमानांना दुसरा पर्याय सुरक्षित वाटतो, कारण किल्ली आपल्याकडे राहील. तसे मानावे का?

कसबा बावड्याची वकील

किल्ली आपल्याकडे राहिली की मनाला समाधान असते, पण कायद्याच्या दृष्टीने जबाबदारीही बरीचशी आपल्याकडेच येते, हे लक्षात घेऊन निर्णय घ्यावा.

पॅकर्सवाल्याच्या गोदामात, त्याच्या कुलपाखाली सामान ठेवले तर तो ते सांभाळण्यासाठी स्वीकारतो. भारतीय करार अधिनियम १८७२ मध्ये याला बेलमेंट म्हटले आहे आणि कलम १५१ प्रमाणे शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूंची घेईल तेवढी काळजी त्याने घेणे बंधनकारक आहे. वाळवी लागली, छप्पर गळले, खोके नाहीसे झाले, तर पुरेशी काळजी घेतली होती हे दाखवण्याची वेळ त्याच्यावर येते. याउलट आपण खोली भाड्याने घेऊन आपले कुलूप लावले, तर मालकाने फक्त जागा दिली; आत काय आहे हेही त्याला माहीत नसते. चोरी झाली तर पोलिसांत तक्रार आपण करायची आणि भरपाईसाठी मालकाकडे बोट दाखवणे अवघड जाते. पुण्या-मुंबईच्या सेल्फ स्टोरेजच्या छापील करारांतही सामानाची जबाबदारी ग्राहकावर टाकणारी कलमे हमखास असतात. मी त्या व्यवस्थेच्या विरोधात नाही. जाऊन वस्तू काढण्या-ठेवण्याची मोकळीक तेथे मोठी असते. पण सहा महिने हात न लावता ठेवायच्या जड सामानासाठी मला तरी, जबाबदारी स्वीकारणारा गोदामवाला अधिक बरा वाटतो, अर्थात तो ती लेखी स्वीकारत असेल तर. "सामानाची जबाबदारी कंपनीवर नाही" असे वाक्य त्याच्या पावतीच्या मागे बारीक अक्षरांत असेल तर ते सहीपूर्वी खोडून घ्यावे, आणि तो खोडू देत नसेल तर उठावे.

खोलीच घ्यायची झाली तर साध्या कागदावर "ठेवायला दिली" असे लिहून भागवू नये. लिव्ह अँड लायसन्स करार करून त्याची नोंदणी करावी. त्यात खोलीचा वापर फक्त घरगुती सामान ठेवण्यासाठी आहे, नोटीस न देता मालक कुलूप तोडणार नाही आणि गळती झाल्यास दुरुस्ती त्याच्याकडे, एवढे तरी असावे.

सामान अडवून जास्त पैसे मागण्याचे प्रकार होतात, म्हणून हेही सांगून ठेवते. वाहतूकदार किंवा गोदामवाल्याने सोपवलेल्या मालाचा अपहार केला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६(३) खाली तो स्वतंत्र आणि गंभीर गुन्हा आहे, त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. दराबद्दलचा प्रत्येक वाद मात्र अपहार ठरत नाही. त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आपण जेथे राहतो तेथेच तक्रार करता येते, म्हणजे कंपनी बाहेरगावची असली तरी कोल्हापूरच्या आयोगात जाता येते. मुदत दोन वर्षांची आहे आणि दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर शुल्क नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पाहावी. पुष्कळदा तेवढ्यानेही समोरचा ताळ्यावर येतो.

बदलीवाला

बँकेतल्या नोकरीमुळे माझे घर सतत हलत असते, त्यामुळे माणसे पारखण्याबद्दल थोडे लिहितो.

जो घरी येऊन सामान न पाहता दर सांगतो त्याला काम देऊ नये. फोनवर सांगितलेला दर हा फक्त आपल्याला अडकवण्यासाठी असतो. पाहायला आलेला माणूस माळ्यावर काय आहे, पलंग सुटा होतो का, कपाट दारातून कसे आत आले होते, असे प्रश्न विचारत असेल तर तो कामाचा. तो खोक्यांची संख्या, बबल रॅप किती, जुनी गोधडी-चादरी कोणाच्या, हे लिहून घेतो. नुसता "होऊन जाईल साहेब" म्हणणारा माणूस ऐन दिवशी चार पोरे पाठवतो आणि स्वतः फोन उचलत नाही.

पुण्याहून परत येताना एका पॅकर्सने, ज्यांचे नाव येथे घेत नाही, आमचे सामान वाटेत दुसऱ्या गाडीत बदलले आणि यादी जुन्या गाडीच्या चालकाकडेच राहिली. सामान उतरवताना खोकी मोजली तर एक कमी, आणि त्यात काय होते हे सिद्ध करायला आमच्याकडे कागद नाही. तेव्हापासून मी प्रत्येक खोक्यावर जाड मार्करने क्रमांक आणि खोली लिहितो, बंद करण्यापूर्वी आतला फोटो काढतो आणि गाडी भरल्यावर तिच्या नंबर प्लेटचाही फोटो घेतो. गाडीचा क्रमांक परिवहन विभागाच्या अॅपवर टाकून गाडीची नोंदणी आणि विमा चालू आहे का, हेही पाहता येते. आगाऊ रक्कम थोडीच द्यावी, मोठा भाग सामान मोजून उतरल्यावर द्यावा, आणि शक्यतो रोखीने देऊ नये.

पुढे कोणाला बेळगाव किंवा गोव्याकडे जायचे असेल तर एक खुलासा करतो. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीसाठी जीएसटीखाली काढायचे ऑनलाइन बिल, लागत नाही. "सीमेवर ई-वे बिलाचे पैसे लागतील" असे सांगून कोणी जादा रक्कम मागितली तर देऊ नये. सामानाची सही केलेली यादी आणि बदलीचा आदेश किंवा नव्या पत्त्याचा कागद चालकाजवळ असला म्हणजे वाटेत विचारपूस झाली तरी अडचण येत नाही.

विमेकरी

विमा घेतला आहे असे म्हणणाऱ्या पॅकर्सवाल्याकडून पॉलिसीची प्रत मागा, त्याच्या तोंडी शब्दावर विसंबू नका. "तीन टक्के विमा" म्हणून बिलात लावलेली रक्कम पुष्कळदा कोणत्याही विमा कंपनीकडे जात नाही. पॉलिसीवर आपले नाव, सामानाची किंमत आणि प्रवास कोठून कोठपर्यंत हे असले पाहिजे. इनलँड ट्रान्झिट क्लॉजचा, म्हणजे देशांतर्गत वाहतुकीच्या विम्याच्या अटींचा, ए प्रकार जवळजवळ सर्व अपघाती नुकसानीला लागू होतो. बी प्रकार आग, वीज पडणे, गाडीची टक्कर किंवा उलटणे अशा ठरावीक कारणांपुरताच असतो. हमालाच्या हातून आरसा फुटला तर बी प्रकारात काही मिळणार नाही.

प्रवासाचा विमा सामान पोहोचल्यावर संपतो, गोदामातल्या महिन्यांना तो लागू नाही. घराचा विमाही तेथे उपयोगी पडत नाही. एप्रिल २०२१ पासून सर्व कंपन्यांना द्यावी लागणारी भारत गृह रक्षा पॉलिसी पुराचे नुकसान भरून देते, पण ती पॉलिसीत लिहिलेल्या पत्त्यावरच्या घरासाठी आणि तेथल्या सामानासाठी असते. उचगावच्या गोदामातले कपाट तिच्यात येत नाही. त्यामुळे गोदामातल्या सामानासाठी आग, पूर आणि घरफोडी यांचा वेगळा विमा घ्यावा, किंवा गोदामवाल्याच्या पॉलिसीत ग्राहकांचे सामान धरले आहे का आणि पूर वगळलेला तर नाही ना, हे वाचून पाहावे.

पंचांगवाले

दराबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून एक निरीक्षण नोंदवतो. एप्रिल-मे महिन्यांत शाळेच्या सुट्ट्या, बदल्या आणि अक्षय तृतीया एकत्र आल्याने गाड्या आणि माणसे दोन्ही महाग असतात. आषाढात आणि पितृपक्षात नव्या घरात कोणी पाऊल टाकत नाही, तेव्हा तीच माणसे निम्म्या उत्साहात का होईना पण चांगल्या दराने मिळतात. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाच्या गर्दीमुळे जुन्या शहरात गाडी आणणे नको होते. दिवाळीनंतर कारखाने सुरू झाले की उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रस्त्यावर येतात आणि पिकअपवाल्यांना दुसरी कामे मिळतात. ताई, ताबा दिवाळीनंतर लांबला तर गाडी आधीच सांगून ठेवा.

रद्दी नको पुस्तके हवीत

पुस्तकांसाठी लिहिते, कारण गोदामात सर्वांत आधी तीच जातात. मोठ्या खोक्यात पुस्तके भरू नयेत. खोके उचलता येत नाही आणि खालून फाटते. दारूच्या दुकानात मिळणारी मजबूत छोटी खोकी सर्वांत चांगली, सासूबाईंना ती कोठून आणली हे सांगण्याची गरज नाही. भरण्यापूर्वी पुस्तके मे महिन्याच्या कोरड्या हवेत, सावलीत एक-दोन दिवस उघडी ठेवावीत. दमट पुस्तके प्लॅस्टिकमध्ये घट्ट बंद केली तर आतच बुरशी धरते. खोक्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला आणि सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. डांबराच्या गोळ्या कसरीला रोखतात, पण वास वर्षभर जात नाही.

सागवानाला वाळवीची भीती कमी, तरी कपाटाची पाठ आणि तळ पुष्कळदा प्लायवूडचे किंवा आंब्याच्या लाकडाचे असतात आणि वाळवी तेथून शिरते. गोदामात वाळवीनाशक फवारणी कधी झाली ते विचारावे. कपाटे प्लॅस्टिकने गुंडाळण्यापेक्षा जुन्या चादरीने झाकावीत, म्हणजे लाकडाला हवा मिळते. फ्रीज आदल्या दिवशी बंद करून पूर्ण पुसून, दार किंचित उघडे राहील असा बांधून ठेवावा; दार घट्ट लावून सहा महिने ठेवलेल्या फ्रीजचा वास कोणत्याही उपायाने जात नाही.

तिकटीवरचा

एवढे सगळे वाचल्यावर मामांच्या खोलीचा आग्रह मी मागे घेत नाही, पण ती खोली माळावर आहे, हे सांगायचे राहिले होते. घुशींचा बंदोबस्त मात्र तेथे स्वतः करावा लागतो.

शिवाजीपेठकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. येथे सुचवलेले प्रश्न घेऊन आम्ही जाऊन आलो. पॅकर्सवाल्यांचे गोदाम चढावर आहे, जोते उंच आहे आणि शेजारच्या पंक्चरवाल्याने २०१९ ला आणि २०२१ ला पाणी खालच्या ओढ्यापाशीच थांबले होते असे सांगितले. पावतीच्या मागचे जबाबदारी नाकारणारे वाक्य त्यांनी थोडी कुरकुर करून खोडले आणि तीन वेगळे कागद द्यायला ते तयार झाले. खोलीच्या मालकांना करार नोंदवायचा नव्हता, त्यामुळे तो विषय आपोआप मिटला. पुस्तके मात्र गोदामात न ठेवता नणंदेकडे राजारामपुरीत दुसऱ्या मजल्यावर ठेवायचे ठरले आहे. विम्यासाठी विमेकरी यांनी सांगितल्याप्रमाणे वेगळी पॉलिसी घेत आहोत. त्यासाठी झोपाळ्याच्या पितळी कड्यांची किंमत काय लिहावी यावर घरात एकमत होत नाही, एवढाच प्रश्न शिल्लक आहे.

एक शेवटचे विचारते. आमच्याकडे गॅसचे दोन सिलिंडर आहेत. साने गुरुजी वसाहतीत एकच लागेल. दुसरा सामानाबरोबर गोदामात ठेवला तर चालेल का?

बिल्टीवाले काका

अजिबात नको. भरलेला असो की रिकामा, सिलिंडर बंद गोदामात ठेवू नये आणि घरसामानाच्या बंद गाडीतही घालू नये. विमा कंपनी त्याच एका कारणावरून दावा नाकारू शकते. दोन्ही सिलिंडर भाड्याच्या घरीच न्या आणि एजन्सीला नवा पत्ता कळवा. नवा पत्ता दुसऱ्या वितरकाच्या हद्दीत येत असेल तर शहरातल्या शहरात जोडणी वर्ग करून मिळते, सिलिंडर परत करावे लागत नाहीत. परगावी जाणाऱ्यांनी मात्र सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करून व्हाउचर आणि अनामत रक्कम घ्यावी, नव्या गावी त्या व्हाउचरवर जोडणी मिळते. इन्व्हर्टर असेल तर त्याची बॅटरीही गोदामात देऊ नका, ती आडवी झाली की आम्ल सांडते. कड्यांची किंमत मोडीच्या भावाने लिहू नका, आज तशाच नव्या करून घ्यायला तांबटाकडे काय पडेल ते विचारून लिहा.